मिल्या, मनमाड उतरवला

मिल्या, मला अजून भीती वाटतेय. हे आधीच सांगून टाकतो, कारण तू असतास तर माझ्या तोंडाकडे बघूनच म्हणाला असतास, "काय दत्त्या, पोटात गोळा आला ना?" आलाय. तू गेल्यापासून तो गोळा तिथेच आहे, जेवताना पण आणि झोपताना पण.

लोक दुकानात येतात, तुझ्या खुर्चीकडे बघतात, "फार वाईट झालं हो" म्हणतात. मी मान हलवतो. मग जरा थांबून प्रत्येकजण विचारतोच, "आता आमच्या कॉम्प्युटरचं कोण बघणार?" त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. गंगापूर रोडच्या आपल्या त्या गाळ्यात डोकं तुझं आणि शिडी माझी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वायरी ओढायला, भिंतीला भोकं पाडायला, मालकांशी गोड बोलायला मी. कीबोर्डवर तू. मी त्यांना म्हणतो, "मी आहे ना." आणि ते गेले की दार लोटून घेतो.

गोळा आला तो मनमाडमुळे. म्हणजे तुझ्या गावामुळे नाही. निफाडजवळच्या आप्पांच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये तो जुना सर्व्हर आहे ना, ज्याचं नाव तू मनमाड ठेवलंस, त्याच्यामुळे. आप्पांनी विचारलं होतं, "ह्यो डबा करतो तरी काय?" तू म्हणालास, "आप्पा, हा दरवान आहे. सकाळी तुमची रोहिणी पासवर्ड टाकते, तेव्हा हा बघतो ही खरंच रोहिणी आहे का, हिला कुठली कपाटं उघडायला द्यायची, हिचे कागद कुठल्या प्रिंटरवर पाठवायचे. ऑफिसातली प्रत्येक गाडी याच्यातूनच पुढे जाते. म्हणून नाव मनमाड." डोमेन कंट्रोलर हा शब्द तू त्यांच्यापुढे काढलाच नाहीस. आप्पा एवढे खूश झाले की खंडेनवमीला त्यांनी डब्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, आणि तू ओरडलास, "आप्पा, कुंकू पंख्यात जातंय!" हळदीचा तो डाग अजून आहे.

आपलं भांडणही त्याच्यावरूनच. मी म्हणायचो, अरे एकच दरवान कसा चालेल, उद्या पडला आजारी तर? दुसरं मशीन घेऊ, दोघांनाही सगळ्यांची ओळख असू दे. तू म्हणायचास, "चालतंय ना? मग हात लावायचा नाही." फारच मागे लागलो की हसायचास आणि म्हणायचास, "दोन मशीन कशाला? आपण दोघं आहोत ना." मला तेव्हाही राग यायचा. खरं सांगू, आज जास्त येतोय. अरे शहाण्या, दोघांतला एक पडू शकतो हे तुझ्या डोक्यात आलंच नाही? एवढा हुशार तू! शेवटी आप्पांनीच नवं मशीन मागवलं, ते खोक्यात येऊन पडलं, आणि तू म्हणालास, सीझन उरकू दे, मग बघू. सीझन उरकायच्या आत तूच गेलास. चहाचा कप हातात होता तुझ्या. मी मागच्या खोलीत शिडी आणायला गेलो होतो तेवढ्यात.

तू गेल्यावर आठवड्याभरात रोहिणीचा फोन आला. "दत्ताभाऊ, त्या डब्यातून सुपारी फोडल्यासारखा आवाज येतोय." मी गाडी काढली, गेलो, डब्याला कान लावला. कट, कट, मध्येच शांत, परत कट. डिस्क मरायला टेकली होती.

तुला वेगळं सांगायला नको, पण मला मोठ्यानं बोलल्याशिवाय विचारच करता येत नाही, तूच लावलेली सवय. कागदपत्रांचा बॅकअप होता. पण माणसांची ओळख, कोण कोण आहे आणि कोणाला कुठं सोडायचं, ती फक्त त्या एका डिस्कवर. ती गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसातल्या एकालाही आत जाता येणार नाही. लेबल छापली जाणार नाहीत. लेबल नसेल तर पेटी कंटेनरमध्ये चढत नाही. भर सीझनमध्ये कितीतरी शेतकऱ्यांचा तोडलेला माल दारात, त्यात माझ्या गावचे, माझ्या चुलत्याचा पण. आणि ओळख नव्या मशीनवर न्यायला जावं तर त्याच आजारी डिस्कला राबवायचं, मध्येच तिनं मान टाकली तर नवंही अर्धवट आणि जुनंही गेलं. इकडे आड, तिकडे विहीर.

आप्पांनी मला केबिनमध्ये बसवलं. "दत्ता, मिलिंद व्हता तवर मी कदी इचारलं नाय. आता इचारतो. तुला जमंल का?"

"जमेल की," मी म्हणालो.

"न्हाय जमलं तर आत्ताच सांग. सोमवारी सकाळी लेबल निगालं पायजे. बाकी मला कायबी कळत नाय."

बाहेर येऊन गाडीवर बसलो. किल्ली लागेना. दुसऱ्यांदा खाली पडली तेव्हा वॉचमन म्हणाला, "भाऊ, साखर कमी झाली का?"

कारण मिल्या, मी आजवर एकदाही ते बटण दाबलेलं नव्हतं. दाबणारा तू, ऐकणारा मी. ही पद्धत तू आणलीस, तुझ्या बाबांच्या इंजिनातून. मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेला तू. इंजिनात दोघं असतात, दोघांनी सिग्नल बघायचा, एकानं हात उचलून सिग्नलचं नाव आणि रंग मोठ्यानं म्हणायचा, "होम, हिरवा!" दुसऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघून तेच म्हणायचं, मगच गाडी पुढे. तुझ्या आई सांगायच्या, घरातसुद्धा बापलेक तेच करायचे. "गॅस, बंद!" "गॅस, बंद!" आणि हात वर. तू तेच सर्व्हरवर चालू केलंस. कुठलंही मोठं काम असलं की आधी बोलायचं, मी परत बोलायचं, मग दाबायचं. लोक हसायचे, एका वकिलाने तर विचारलं होतं, "मंत्रबिंत्र म्हणता का काय?" आणि मी पाठ म्हटल्यासारखं करतो की नाही हे बघायला तू मुद्दाम चुकीचं बोलायचास. मी तसंच परत म्हटलं की डोक्यात टपली. किती टपल्या खाल्ल्या असतील मी, तरी सवय जाईना.

आता टपली मारायला कोणी नव्हतं. कोणी ऐकायलाही नव्हतं.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मनमाडला आलो होतो. भंतेजींची वंदना झाली, लोक तुझ्याबद्दल बोलले, मलाही दोन शब्द बोल म्हणाले आणि मी उठलोच नाही. मागे खांबाला टेकून बसलो होतो. लाज वाटते सांगायला, तुझ्या फोटोसमोर बसून मी मनात त्या डिस्कची कटकट ऐकत होतो. जेवणं झाल्यावर बाबा काठी टेकत माझ्याजवळ आले.

"दत्ता, तू रडत नाहीयेस. तू घाबरलायस."

मी सगळं सांगितलं. डिस्क, द्राक्षं, सोमवार. त्यांनी मध्येच विचारलं, "मिलिंद तुझ्याकडून सिग्नल बोलवून घ्यायचा का?"

"हो ना. तो बोलायचा, मी ऐकायचो."

"मग आता तू बोल. ऐकायला कोण आहे?"

"कोणी नाही, बाबा."

त्यांनी तुझ्या फोटोकडे तोंड वळवलं. डोळ्यांना आता फारसं दिसत नाही त्यांना, मोतीबिंदूचं ऑपरेशन पण नीट झालं नाही. "माझे डोळे गेले," ते म्हणाले, "कान आहेत अजून. फोन लाव. मी ऐकतो."

मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा धीर देण्याचा प्रकार. त्यांना सर्व्हरमधलं ओ का ठो कळत नाही. पण मिल्या, मी बुडत होतो, मी काडीसुद्धा धरली असती.

शनिवारी नवं मशीन खोक्यातून काढलं. नाव ठेवलं निफाड. तू असतास तर ह्या नावावरून आणखी एक भांडण झालं असतं, तू म्हणाला असतास, "म्हणजे माझ्या जंक्शनचा कारभार तुझ्या तालुक्याला?" आणि मग मी एक गोष्ट केली. मनमाडच्या स्क्रीनवर तू तुमच्याकडचा तो अंगठ्यासारखा उभा सुळका लावला होतास, हडबीची शेंडी. सर्व्हरवर कोणी चित्र लावतं का, म्हणून मी तुला चिडवायचो, आणि तू म्हणायचास, मी कुठे आलोय हे एका नजरेत कळतं. तोच फोटो मी निफाडवर पण लावला. तुझी आठवण म्हणून. लावला आणि पहिल्यांदा जरा मोकळं रडलो. एवढा गाढवपणा दुसऱ्या कोणी केला नसता.

रविवारी नेमकी अमावस्या. आप्पांनी फोन करून म्हटलं, "आज नको रं बाबा हात लावू." तू असतास तर म्हणाला असतास, "आप्पा, मशीनला तारीख कळते, तिथी कळत नाही." मी तेच म्हटलं, तुझ्याच तोऱ्यात. फोन ठेवला आणि खिशातला रुमाल काढून तळहात पुसले. तिथी मला कळते ना, मिल्या.

ऑफिस रिकामं होतं. कोल्डस्टोरेजची घरघर आणि डब्याची कटकट, बाकी काही नाही. एकाच स्क्रीनवर दोन खिडक्या उघडल्या, एकीत मनमाड, एकीत निफाड, आणि फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडून बाबांचा खोकला आला, मग आवाज. "बोल."

"बाबा, निफाडला दुसरा दरवान करतोय."

"निफाड, दुसरा दरवान."

दाबलं. पट्टी सरकायला लागली. मनमाड आपल्याजवळची सगळी ओळख निफाडला सांगायला लागला, एकेक नाव, एकेक कपाट. मध्येच पट्टी थांबली. डब्यातून लागोपाठ कट कट कट आला आणि मग काहीच नाही. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. फोनमधून बाबा म्हणाले, "दत्ता? काय दिसतंय?"

"थांबलंय."

"लाल आहे का?"

"लाल नाही. नुसतं थांबलंय."

"मग उभा राहा. हात लावू नको."

हात लावला नाही. शपथेवर सांगतो, एकटा असतो तर बंद करून परत चालू केलं असतं, आणि तिथेच खेळ खलास झाला असता. किती वेळ गेला माहीत नाही. त्या वेळात बाबा आपणहून बोलायला लागले, धुक्यातल्या गाडीबद्दल, काचेबाहेर डोकं काढून बसायचे त्याबद्दल, नांदगावच्या बाजूला एकदा गाय आडवी आली होती त्याबद्दल. मग कट असा एक आवाज आला आणि पट्टी पुढे सरकली. मी ओरडलो, "चाललं!" बाबा पण ओरडले, "चाललं!" त्यांच्या मागून आईंचा आवाज आला, "काय चाललं?"

नावं सगळी आली होती. रोहिणी होती, आप्पा होते, आप्पांचा पासवर्ड विसरणारा पुतण्या होता. मुख्याची कामं मनमाडकडून काढून निफाडला दिली, बोलून, ऐकून. ऑफिसातल्या सगळ्या मशीनना सांगितलं, वाट विचारायची तर आता निफाडला विचारा. मनमाड थोडा वेळ झोपवून बघितला, निफाडनं एकट्यानं काम केलं. मनमाडला परत उठवलं. आता शेवटचं राहिलं, त्याला पदावरून रीतसर उतरवायचं. मला वाटलं, जिंकलो. घाम वाळायला लागला होता, मी भराभर बोलायला लागलो होतो.

"बाबा, मनमाडवर आहे, मनमाडला उतरवतोय."

पलीकडून उत्तर आलं नाही.

"बाबा?"

"बघून बोललास का पाठ म्हटलंस?"

"बघूनच, बाबा."

"आवाज सपाट झालाय तुझा. असा आवाज मला माहीत आहे. बोर्ड वाच. स्टेशनचं नाव वाच, मग बोल."

मी वैतागलो, खोटं कशाला सांगू. स्क्रीनवर समोर हडबीची शेंडी होती, म्हणजे मनमाड. तरी म्हाताऱ्याचं मन राखायला वर नाव वाचलं. निफाड.

मिल्या, माझं बोट बटणावर होतं. दोन्ही मशीनवर मीच सारखा फोटो लावून ठेवला होता, तुझ्या आठवणीनं, आणि मी निफाडलाच उतरवायला निघालो होतो. सगळा कारभार परत त्या मरायला टेकलेल्या डिस्कवर गेला असता आणि पुन्हा निफाडवर आणेपर्यंत ती जगली असती की नाही देव जाणे. मी हात मागे घेतला आणि मांडीखाली दाबून बसलो. डोक्यात टपली बसली रे, तीही मनमाडहून.

"बाबा," मी म्हणालो, "निफाड होतं."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. फक्त म्हणाले, "पाणी पी. मग परत बोल."

पाणी प्यायलो. निफाडवरचा फोटो काढून टाकला, माफ कर. मग दुसऱ्या खिडकीत गेलो, नाव वाचलं, मोठ्यानं, अक्षर अक्षर. "मनमाड. उतरवतोय."

"मनमाड. उतरव."

उतरवला. तुझा मनमाड शांतपणे उतरला, कटकट न करता. वायर मी काढली. हळदीच्या डागावरून हात फिरवला आणि माणसाशी बोलावं तसं त्याला "झालं बाबा, झालं" म्हणालो.

सोमवारी सगळ्यांच्या आधी जाऊन पोचलो. रोहिणी आली, पर्स ठेवली, डबा ठेवला, केस सारखे केले, आणि मी तिच्या मागे उभा, जीव मुठीत धरून. तिने पासवर्ड टाकला. चाक फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. मी डोळे मिटले. "दत्ताभाऊ, आज पटकन उघडलं हो," ती म्हणाली. थोड्या वेळाने प्रिंटरमधून लेबल निघालं. आप्पांनी ते उलटसुलट करून बघितलं, जुन्याशी ताडून बघितलं. "झालं का? मग कायबी बदललेलं दिसत का नाय?" मी म्हणालो, "आप्पा, दिसलं असतं तर झालं नसतं." हे तुझंच वाक्य, फुकटात वापरलं.

मनमाड गेला तरी त्याच्याकडून आलेल्या नावांत तुझं नाव होतं. सगळ्यात वरचे अधिकार, सगळी कपाटं उघडी. ऑफिसात नसलेल्या माणसाचं खातं चालू ठेवणं म्हणजे दार सताड उघडं ठेवणं, हे तूच मला शिकवलंस. बंद करायच्या आधी तपासलं, तुझ्या नावावर काही चालत नाही ना. चालत होतं. रोजचा बॅकअप. तू गेलास त्या दिवशीही, आम्ही तुला अग्नी देऊन आलो त्या दिवशीही, आप्पांच्या कागदांची प्रत तुझ्याच नावाने निघाली होती. मी ते काम माझ्या नावावर घेतलं. मग तुझं नाव समोर राहिलं आणि माझ्याच्यानं पुढे होईना. रविवारपेक्षा जास्त भ्यालो. बॅग उचलली आणि मनमाडला आलो.

बाबा खाटेवर बसले होते. आईंनी चहा ठेवला. भिंतीवर बाबासाहेबांच्या शेजारी तुझा फोटो, त्याचा हार अजून ताजा. मी लॅपटॉप उघडला.

"बाबा, एक राहिलंय."

"बोल."

"मिलिंदचं खातं आहे तिथं. ते बंद करावं लागतं. काढून टाकत नाही, बाबा. नाव यादीत राहतं. फक्त त्याला आत येता येत नाही."

"नाव राहतं?"

"राहतं."

त्यांनी काठी बाजूला ठेवली, नीट बसले, इंजिनात बसायचे तसे. "मग बोल. बघून बोल."

मी बघितलं. नाव वाचलं. "मिलिंद," मी म्हणालो, "बंद."

बाहेर यार्डात कुठली तरी गाडी शिट्टी देत होती. बाबांचा हात हळूहळू वर गेला. पूर्ण वर गेला. "मिलिंद," ते म्हणाले. आई दारात उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. "बंद."

मी दाबलं.

बाबांनी हात खाली घेतला नव्हता. "पुढचा सिग्नल कुठला?" त्यांनी विचारलं, सवयीनं.

मी स्क्रीनकडे बघितलं, तुझ्या फोटोकडे बघितलं. पाठ म्हणता आलं असतं काहीतरी. "बाबा," मी म्हणालो, "पुढचा मला दिसत नाहीये."

"दिसत नसला की गाडी हळू घ्यायची," ते म्हणाले. "आणि बोलत राहायचं."